जागता शेजार

चेस्टरफील्ड, ५ मार्च १९७२

प्रिय डॉर्कस,

घर सापडलं! आधी खुर्चीत बस आणि मग पुढचं वाच.

डर्बीशरच्या डोंगरात हॉलिनडेल म्हणून गाव आहे, चेस्टरफील्डहून बसनं तासाभराच्या अंतरावर. गावाच्या खालच्या टोकाला एक दगडी घर विकायला काढलंय. खाली दोन खोल्या, वर दोन. म्हातारे हीथकोट होते तिथे, गेल्या हिवाळ्यात वारले. पुतण्या कॅनडात असतो, त्याला हे लचांड नको आहे. दार थेट रस्त्यावर उघडतं, पायरी नाही. आत गेलं की स्वयंपाकघर सरळ समोर. मागे एक भलीमोठी दगडी शेड आहे. घरापुढून भिंतीकडेनं सरळ चाललं की गावचा झरा लागतो, आणि त्याच्या पलीकडे बसचा थांबा.

तुझी गल्ली पाडायला महापालिकेची माणसं उन्हाळ्यात येणारच. माझा आर्थर गेल्यापासून मलाही या दोन खोल्या खायला उठतात. लोकरीच्या दुकानाचे आलेले पैसे एकट्यानं पुरत नाहीत, तुझ्या बचतीची जोड मिळाली तरच हे घर होईल. एकत्र राहायचं आपण ख्रिसमसला बोललो होतो ना? मग आता बोलण्यावर थांबायला नको.

शेजार अगदी जागता आहे. कधीही हाक मारली तरी कुणीतरी धावून येईल.

तुझी,
नेल

ता. क. काळ्या शाईनं आणि जाड लिहिलंय, कारण दुकानाच्या पाट्या रंगवायची शाई उरली होती. वाया कशाला घालवायची?


शेफील्ड, ११ मार्च १९७२

नेली,

जागता शेजार! तुझ्या जिभेला हाड नाही हे माहीत होतं, पण तुझ्या लेखणीलाही नाही हे आज कळलं.

चॅपलमध्ये श्रीमती हॅटर्स्लीजवळ सहज हॉलिनडेलचं नाव काढलं. तिची मावशी त्याच भागातली. ती म्हणाली, "खालच्या टोकाला? तिथे एकच घर आहे, बाई, 'ब्लू बोर'ला चिकटून." निळं डुक्कर! मी विचारलं, खाटकाचं दुकान आहे का? तर म्हणे, गावचा पब. सगळ्या बाया माझ्याकडे वळून बघायला लागल्या. चहाचा कप खाली ठेवता ठेवता मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तू तेव्हा पाळण्यात होतीस, म्हणून तुला आठवण करून देते. नऊ वर्षांची असताना मी चॅपलच्या मुलांसमोर उभी राहून, जन्मात दारूला शिवणार नाही असं कागदावर सही करून दिलंय. तो कागद चौकटीत घालून आईनं चुलीवरच्या भिंतीवर लावला होता. कारखान्यात चमच्यांना झळाळी देण्यात चाळीस वर्षं काढली, बरोबरच्या मुली शनिवारी पगार झाला की पबात शिरायच्या, मी मात्र रस्ता ओलांडून पलीकडून घरी जायचे. आणि आता म्हातारपणी गुत्त्याच्या भिंतीला उशी लावून झोपू?

महापालिका मला नव्या इमारतीत अकराव्या मजल्यावर फ्लॅट देते आहे. नळाला गरम पाणी, कोळसा नको, राख नको. जूनअखेर हो की नाही ते कळवायचं आहे. काल जाऊन बघून आले. लिफ्ट उत्तम आहे. बटणं मात्र कुणा गाढवानं सगळी एकसारखी केली आहेत, त्यामुळे दोनदा भलत्याच मजल्यावर उतरले आणि एका परक्या बाईच्या दाराशी किल्ली खुपसत बसले. होईल सवय.

आणि एवढ्या मोठ्या अक्षरात लिहायला मी काय बहिरी आहे?

डॉर्कस

माझ्या ओळी वाकड्या आल्या असतील. टेबलाचा पाय हलतो.


चेस्टरफील्ड, २६ मार्च १९७२

प्रिय डॉर्कस,

चोरी पकडलीस. शेजारी पब आहे आणि मी ते लपवलं. पण तुला आधी सांगितलं असतं तर तू पुढचं वाचलं असतंस का?

मी म्हटलं, उगाच वाद नको, स्वतः कानानं ऐकून येऊ. काल सकाळच्या बसनं गेले आणि शेवटच्या बसनं परत आले. दिवसभर कधी त्या घराच्या उंबऱ्यावर, कधी पबच्या खिडकीत आल्याचं सरबत घेऊन बसले. (सरबत. तुझ्या चौकटीतल्या कागदाची शपथ.) आता ऐक.

सकाळी गाडी येते, रस्त्याकडेची तळघराची लाकडी झडप धाडकन उघडते आणि पिंपं गडगडत खाली जातात. दुपारी म्हातारे डॉमिनो खेळतात, त्यांच्या सोंगट्यांची टकटक भिंतीपलीकडून स्पष्ट येते. निळ्या डुकराची पाटी वारा असला की करकरते, आणि त्या दरीत वारा नाही असा दिवस नसावा. झरा तर सतत बोलतच असतो. रात्री साडेदहाला मालकीणबाई घंटा वाजवून सगळ्यांना हाकलते, मग चिडीचूप. गलिच्छ गाणी मला ऐकू आली नाहीत. एक म्हातारा मात्र फार बेसूर शीळ घालतो, ते मान्य करते.

मालकीण थिर्झा रॅग, दणकट बाई, बाह्या सदैव वर. तिकडे लाडानं सगळ्यांनाच 'बदक' म्हणतात. मला म्हणाली, "शेजारचं बघायला आलात का, बदके?" मी हो म्हटल्यावर सगळी माणसं सोंगट्या खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं काहीतरी विचारतील. कुणी काही विचारलं नाही. फक्त एका म्हाताऱ्यानं उठून मला चुलीजवळची खुर्ची दिली.

आता एक गोष्ट, जी तुझ्यापासून लपवत नाही, एकदा लपवून पोट भरलं. मागच्या शेडचं दार नुसतं लोटलेलं असतं, कुलूप नाही. आत दाराएवढाल्या लाकडी परातीसारख्या फळ्या भिंतीला लावून ठेवल्यात, त्यांना शेकडो खिळे ठोकलेले, टोकं वर. आणि फरशीभर वाळलेला चिखल, त्यात अनवाणी पावलं. मोठी, लहान, एकावर एक. हे काय प्रकरण आहे मला उमगलं नाही. हीथकोटांचं काही शेतीचं असेल.

तू एकदा तरी येऊन बघ ना. मी तुला बसथांब्यावर घ्यायला येते.

तुझी,
नेल


शेफील्ड, ३ एप्रिल १९७२

नेली,

शेतीचं! कुठल्या शेतात अनवाणी माणसं खिळ्यांच्या फळ्या घेऊन नाचतात? पबातून बाहेर पडलेली, शुद्ध हरपलेली मंडळी रात्री त्या शेडमध्ये धुडगूस घालतात, हे शेंबड्या पोरालाही कळेल. आणि तुला चुलीजवळची खुर्ची का दिली? गिऱ्हाईक गोड बोलून अडकवायला. उद्या आपण दोघी म्हाताऱ्या तिथे राहायला गेलो की ते चिखलाचे पाय घेऊन आपल्या स्वयंपाकघरात.

तू मऊ आहेस, तुझ्याच्यानं काही होणार नाही, म्हणून मीच घरांच्या दलालाला पत्र टाकलं. स्पष्ट लिहिलं, की मी, कुमारी डॉर्कस स्टॅनिफोर्थ, या घराची एक खरेदीदार असून शेडला भक्कम कुलूप घातल्याशिवाय पुढचं एक अक्षर बोलणार नाही. त्याचं उलट टपाली उत्तर आलं, कुलूप घातलं म्हणून. बघ, असं काम करतात.

याचा अर्थ मी घराला हो म्हटलं असा घेऊ नकोस. मी तिथे येणारही नाही. बसचा प्रवास मला हल्ली सोसत नाही, बसचे आकडे भलत्याच बारीक अक्षरात रंगवतात.

डॉर्कस


चेस्टरफील्ड, १४ मे १९७२

प्रिय डॉर्कस,

गेले पाच-सहा शनिवार मी हॉलिनडेलला जाते आहे. काय करते ते विचारू नकोस, घराची सवय करून घेते म्हण.

पण हल्ली तिथे काहीतरी बिनसलंय. मी पबात शिरले की सोंगट्या थांबतात. पूर्वीही थांबायच्या, पण तेव्हा नजरा उत्सुक असायच्या, आता थंड असतात. थिर्झा रॅग सरबत देते, पैसे घेते, 'बदके' म्हणत नाही. काल त्या शीळवाल्या म्हाताऱ्याला मी आपणहून म्हटलं, "आज वारा फार आहे." तर तो म्हणाला, "असेल. ज्याचं दार बंद असतं त्याला कुठे लागतो." आणि बाहेर निघून गेला. मी काय केलंय यांचं?

चुलीजवळच्या खुर्चीत आता दुसरंच कुणीतरी बसतं.

तुला खरं सांगू? मला वाटलं होतं, शेजारी माणसं असावीत, दिवसभर आवाज असावा, दार उघडून चार पावलं टाकली की कुणीतरी ओळखीचं असावं. गोठल्यासारख्या माणसांशेजारी राहायचं तर अकरावा मजला काय वाईट? जूनअखेर जवळ आली. तू सांगशील तसं करू.

नेल


द ब्लू बोर, हॉलिनडेल, २९ मे १९७२

कुमारी स्टॅनिफोर्थ यांस,

आपली ओळख नाही. तुमचं नाव नि पत्ता मी दलालाकडून भांडून मिळवलाय, त्यात त्याचा दोष नाही. माझा आवाज मोठा आहे.

मला पत्र लिहायची सवय नाही, तेव्हा सरळ सांगते. दरवर्षी जूनमध्ये, सेंट जॉनच्या सणाला, आम्ही गावचा झरा फुलांनी सजवतो. फळ्यांवर ओली माती थापायची आणि तिच्यात पाकळ्या रोवून चित्र करायचं. माती धरून राहावी म्हणून फळ्यांना खिळे असतात. माती मिठाच्या पाण्यात घालून सगळं गाव अनवाणी तुडवतं, पोरंबाळं, म्हातारे, चर्चचे रेव्हरंडसुद्धा. हे सगळं तुमच्या शेडमध्ये होतं. माझ्या सासूच्या सासूच्या वेळेपासून तिथेच. गावात तेवढी थंड जागा दुसरी नाही, आणि उन्हात माती तडकते.

आमच्याकडे रीत अशी, की शेड मागायची नसते. ज्याचं घर असेल तो फळ्या भिजवायच्या दिवशी स्वतः दार उघडतो. हीथकोट खोकत खोकत यायचे उघडायला. म्हणून घर बघायला येणाऱ्या त्या बाईंना आम्ही काही बोललो नाही. घर घेण्याआधीच नव्या माणसाला अडचणीत टाकावं कशाला? उघडतील मनात आलं तर, म्हटलं. तर एक दिवस दाराला हे एवढं कुलूप. आम्ही समजायचं ते समजलो. कुलूप तोडायला पाच मिनिटं लागणार नाहीत, गावात लोहार आहे. पण लोकांच्या घराची कुलपं आम्ही तोडत नाही.

तेव्हा रीत मोडून मी मागते आहे. या वर्षापुरती शेड उघडून द्या. पुढच्या वर्षी आम्ही आमचं बघू. गावाला हे पत्र माहीत नाही, कळलं तर मला फाडून खातील.

आणखी एक, बदके. त्या दर शनिवारी येणाऱ्या बाई तुमच्या कुणी लागतात का? भली बाई आहे, पण आम्हाला तिचं कोडं पडलंय. हीथकोटांच्या दारातून डोळे घट्ट मिटून निघते. एक हात भिंतीला. आमच्या झडपेपाशी थांबून कान देते, मग पाटीखाली, मग झऱ्यापर्यंत, मग बसथांब्यापर्यंत. परत फिरते, पुन्हा तेच. पावसातसुद्धा. आमच्या म्हाताऱ्यांत पैज लागली आहे, ती काही नवस फेडते आहे की डोक्यानं जरा कमी आहे यावर.

तुमची,
थिर्झा रॅग


शेफील्ड, ५ जून १९७२

श्रीमती रॅग यांस,

तुमचं पत्र मिळालं. माझा चष्मा दुरुस्तीला दिला आहे, म्हणून आमच्या पाद्रीबाईंनी ते मला वाचून दाखवलं. शेवटचा परिच्छेद मी त्यांना पुन्हा वाचायला लावला. मग आणखी एकदा.

मी तुमच्या धंद्याला मान देत नाही आणि आयुष्यात पबची पायरी चढलेली नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण कुलूप मी लावायला सांगितलं. माझ्या बहिणीचा त्यात काही हात नाही, तिला त्याचा जाब विचारू नका. तिला थंड नजरेनं बघितलंत ते मला आवडलेलं नाही. आपलं चुकलं की मी कबूल करते, ते तुम्हीही करावं.

दलालाला आजच कळवते. मात्र रीत अशी असेल की दार घरच्या माणसानं उघडायचं, तर ते दलालाच्या कारकुनानं उघडून चालायचं नाही. फळ्या भिजवायचा दिवस कळवा. किल्ली दलालाकडून घेऊन मी स्वतः येते. बसथांब्यावर कुणीतरी उभं राहा. आणि राहायची सोय पबाबाहेर कुठेतरी करा.

माझी बहीण डोक्यानं कमी नाही. पैज दोन्ही बाजू हरल्या असं तुमच्या म्हाताऱ्यांना सांगा.

या पत्राबद्दल तिला एक शब्द कळता कामा नये.

डॉर्कस स्टॅनिफोर्थ


चेस्टरफील्ड, १८ जून १९७२

प्रिय डॉर्कस,

मी नाद सोडला. हॉलिनडेलला गेले तीन आठवडे गेलेही नाही. बळंच कुणाच्या गावात घुसून राहता येत नाही. तू फ्लॅटला हो म्हण. मी शेफील्डलाच जवळपास खोली बघते, रोज येऊन तुझ्याबरोबर लिफ्टनं वर येईन, बटणं मी दाबेन.

हे समोरासमोर सांगावं म्हणून काल तुझ्याकडे आले होते. दाराला कुलूप! शेजारच्या बाई म्हणाल्या, "डॉर्कस? ती मंगळवारीच हातात बॅग घेऊन गेली, डोक्यावर चांगली टोपी होती. कुठे निघालीस म्हटलं, तर म्हणाली, चिखल तुडवायला." मी दोनदा विचारलं. चिखलच म्हणाली म्हणे.

डॉर्कस, तुला बरं आहे ना? एकटी बसमध्ये कशी चढलीस? कुणी आकडा वाचून दिला? हे पत्र तुझ्या पत्त्यावर टाकते आणि एक प्रत पाद्रीबाईंना पाठवते, त्यांना तरी तुझा ठावठिकाणा माहीत असेल. मी रागावलेली नाही, घाबरलेली आहे. एक ओळ लिही.

नेल


द ब्लू बोर, हॉलिनडेल, शुक्रवार २३ जून १९७२

नेली,

पाद्रीबाईंनी तुझं पत्र इकडे पाठवून दिलं. अक्षर माझं नाही हे तुला दिसेलच. मी सांगते आहे आणि थिर्झा रॅग लिहिते आहे. तिला बजावलंय, की मी बोलेन तेच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही. (मी घालत नाहीये. थि. रॅ.)

तर मी पबात राहते आहे, वरच्या मजल्यावर. गावात दुसरी खोली रिकामी नव्हती. (होती. पण तिथे जिना फार उभा आहे, हे मी यांना सांगितलं नाही.) आत्ता सांगितलंस ना! असो. नऊ वर्षांच्या मुलीनं सही करून दिलेलं वचन शाबूत आहे, चहाखेरीज काही घेतलेलं नाही. त्या कागदावर बिछान्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात मंगळवारी बसमधून उतरले तर थिर्झा उभी होती. मी म्हटलं, आधी शेड. सगळं गाव दाराबाहेर उभं होतं. मला कुलपाचं भोक सापडेना. कुणीही पुढे होऊन किल्ली हातातून घेतली नाही. सगळे थांबले. मी बोटानं चाचपून भोक शोधलं आणि दार उघडलं. तो शीळवाला म्हातारा म्हणाला, "आता येईल वारा आत." मग मी मोजे काढले. अडुसष्टाव्या वर्षी, नेली, अनोळखी पुरुषांसमोर! रेव्हरंडांचा आणि माझा पाय एकाच चिखलात रुतला आणि मला इतकं हसू आलं की मला धरावं लागलं.

कालपासून पाकळ्या लावतोय. खालून वर लावत जायच्या, छपरावरच्या कौलांसारख्या, एकीवर एक, म्हणजे पावसाचं पाणी ओघळून जातं. यंदा चित्र बायबलातल्या नोहाच्या नौकेचं आहे, त्यातल्या कबुतराचा पंख मला दिलाय, पांढऱ्या गुलाबाच्या पाकळ्यांचा. रंग माझ्याच्यानं नीट कळत नाहीत, पण पाकळीची कड कुठे संपते ते बोटांना कळतं. चाळीस वर्षं चमच्यावरचा ओरखडा बोटांनीच शोधला, ती बोटं अजून माझीच आहेत. (पंख फार सुंदर झालाय. हे मी पदरचं घालते आहे.)

आता जे लपवलं ते. डॉक्टरनं गेल्या शरद ऋतूतच सांगितलं. नजरेच्या मधला भाग जाणार, कडेचं थोडं राहील. समोरच्या माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. मी कुणाला सांगितलं नाही, कारण एकदा सांगितलं की माणसं आपल्याशी लहान मुलासारखं बोलायला लागतात. अकराव्या मजल्यावर मला चूल नको, जिना नको, म्हणजे निभेल असं वाटलं होतं. पण तिथे उभी राहिले तेव्हा खालून एक आवाज वर येत नव्हता. मी कुठे आहे तेच कळेना. त्या दिवशी मी लिफ्टमध्ये रडले. तुला लिहिलं, लिफ्ट उत्तम आहे.

तू मात्र कधीच ओळखलं होतंस. ख्रिसमसला मी पुडिंगच्या शेजारी, नुसत्या टेबलक्लॉथवर कस्टर्ड ओतलं, तेव्हा तू झटकन वाटी सरकवून म्हणालीस, माझाच हात लागला. पाट्या रंगवायची शाई, पायरी नसलेलं दार, जागता शेजार. आणि मी तुला विचारते, मी काय बहिरी आहे!

थिर्झाच्या पत्रातून तुझे शनिवार मला कळले. डोळे मिटून, भिंतीला हात लावून, पावसात. पाद्रीबाई वाचत होत्या आणि मी त्यांच्यासमोर ढसाढसा रडले. असंच लिही, थिर्झा, ढसाढसा. (मीही इथे थांबले होते. आता लिहिते.) आईसुद्धा माझ्यासाठी इतकं चालली नसती.

आज दुपारी, शेडमधले सगळे जेवायला गेल्यावर, मी हीथकोटांच्या दारात उभी राहिले आणि निघाले. भिंत दुपारच्या उन्हानं गरम होती. पहिल्यांदा सोंगट्यांची टकटक उजवीकडून आली. मग पायाखाली पोकळ वाजलं, ती झडप. मग डोक्यावर निळं डुक्कर करकरलं, तिथून भिंत संपते पण तोवर झरा ऐकू यायला लागतो. त्याच्याच आवाजावर चालत गेले. कुणाची हाक नाही, कुणाचा हात नाही. झऱ्याच्या थंड पाण्यात हात घातला आणि म्हटलं, पोचले.

उद्या सकाळी दहाच्या आत फळ्या झऱ्यावर उभ्या करायच्या आहेत. हे पत्र आज संध्याकाळच्या बसवाल्याच्या हाती तुझ्याकडे पाठवते, तू पहिल्या बसनं ये. चुलीजवळची खुर्ची तुझी आहे, म्हाताऱ्यांनी तसं ठरवून टाकलंय, आणि माफी तोंडानं मागायला त्यांना जमणार नाही, तेव्हा ती खुर्चीतच समजून घे. महापालिकेला नाही म्हणून कळवलंय. सोमवारी दलालाकडे जाऊ. माझी बचत तुझ्या पैशांत मिळव आणि घर घे, नेली. शेडला मात्र कुलूप नको.

एक तक्रार आहे. झऱ्याच्या अलीकडे एक दगड उचकटलेला आहे, त्याला ठेचकाळून माझा अंगठा सुजलाय. तू एवढे शनिवार चाललीस आणि तो तुला एकदाही लागला नाही. म्हणजे तिथे तू दरवेळी डोळे उघडलेस, लबाड पोरी. थिर्झाचा नवरा उद्या तो दगड बसवून देतोय, मग पुन्हा चालू, दोघी.

डॉर्कस